नकाशे आणि जीआयएसचा स्वतंत्र धंदा: पहिलं कोटेशन कसं लिहायचं?

आडवा_छेद

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कंपनीत बरीच वर्षं परदेशी वीज आणि टेलिफोन कंपन्यांचे केबलचे नकाशे डिजिटाइझ केले. आता नकाशे आणि जीआयएसचं (कॉम्प्युटरवरचे नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती) स्वतःचं काम सुरू करतोय. राजीनामा देऊन झालाय, तेव्हा 'अजून एकदा विचार कर' हा सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

सध्या हातात दोन चौकश्या आहेत. पहिली मुळशीतली. चौदा एकर जमीन, मालकाला प्लॉटिंग करायचंय. आर्किटेक्टने त्याला 'कंटूर मॅप (समान उंचीच्या रेषांचा नकाशा) आणा' एवढंच सांगितलंय. मालक फोनवर म्हणाला, "हद्द पण दाखवून टाका आणि एकरी रेट सांगा." दुसरी चौकशी पुरंदर तालुक्यातल्या एका संस्थेची. त्यांना तीन गावांचा पाणलोट नकाशा हवाय, चर खणायला.

माझ्याकडे चांगला लॅपटॉप, क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस ही नकाशाची सॉफ्टवेअरं आणि कामापुरतं पायथन आहे. ड्रोन, डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस), टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) यातलं काहीच नाही. ड्रोन घ्यायला हात शिवशिवतायत. घरातून मात्र 'आधी गिऱ्हाईक, मग खेळणी' असा हुकूम आहे.

खरी अडचण अशी की कोटेशन लिहायला बसलो की 'कंटूर मॅप, रुपये' इथवर येतो आणि पुढे पेन चालत नाही. जाणकारांनी बोलावं.

थिओडोलाइट

घरच्यांचं ऐक बावा. मी वर्धेकडचा, हेच काम करतो. ड्रोन पायलटसकट भाड्यानं भेटते. पहिल्या वर्षात विकत घ्यायची काहीच गरज नाही. आज घेतलेलं मॉडेल दोन वर्षांत जुनं होते आणि बॅटऱ्या त्याच्याही आधी मरतात.

दुसरं म्हणजे कायदा. २०२१ च्या ड्रोन नियमांपासून गोष्टी सोप्या झाल्या हे खरं, पण सोप्या म्हणजे मोकळ्या नाहीत. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोननं धंद्याचं काम करायचं तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक पाहिजे. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण पुण्याजवळ उडवणार असशील तर लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आणि पलीकडे एनडीए (संरक्षण प्रबोधिनी), हे डोक्यात ठेव. आधी डिजिटल स्कायचा (सरकारी ड्रोन पोर्टल) नकाशा पाय, मंग तारीख दे.

नवखा_पायलट

थिओडोलाइट दादा, भाड्याचा पायलट ऐनवेळी लग्नाच्या शूटिंगला जातो, त्याचं काय? मे महिन्यात मला तीनदा फोन करून एकाने तारीख बदलली. स्वतःचा ड्रोन असेल तर हवा बघून सकाळी सहाला निघता येतं. मी तर म्हणतो कर्ज काढून घ्या.

थिओडोलाइट

घे ना बापा, पण टाइप सर्टिफिकेट (मॉडेल तपासून दिलेला सरकारी दाखला) असलेला घे. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यानंतर कोणाच्या मामानं दुबईहून बॅगेत आणलेला असंल तर त्याले नोंदणी क्रमांक कोण देईन? उद्या साइटवर शेजारच्यानं तक्रार केली तर पोलिस आधी कागद पाहतात, ऑर्थोमोझॅक (फोटो जोडून केलेला नकाशा) नाही.

कातळसडा

ड्रोन घ्या किंवा घेऊ नका, त्याआधी एक फोन करा. मालकाला नाही, आर्किटेक्टला.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एकटीनेच काम करते, बरोबर प्रिझमचा दांडा धरायला एक मुलगा. 'कंटूर मॅप' मागणाऱ्या दहा जणांना दहा वेगळ्या गोष्टी हव्या असतात. कुणाला नुसता उतार कुठल्या दिशेला आहे ते बघून रस्त्याची कच्ची रेघ मारायची असते. त्याला एक मीटरचे कंटूर पुरतात. कुणाला रिटेनिंग वॉलचं एस्टिमेट काढायचं असतं, तिथे एक मीटरच्या नकाशावर भिंत दीड फूट बुटकी निघू शकते. आर्किटेक्टला विचारा: कंटूर किती अंतराने, कुठल्या स्केलवर छापणार, कोणत्या फाइलमध्ये हवं, आणि त्यावर पुढे कोण काय ठरवणार. शेवटचा प्रश्न विसरू नका, पैसे त्याच्यावर ठरतात.

आणि ड्रोनला जमीन दिसत नाही, जमिनीवर जे काही उभं आहे ते दिसतं. आमच्याकडे काजू-आंब्याच्या बागेवर ड्रोन उडवून 'कंटूर' काढलेले नकाशे माझ्याकडे दुरुस्तीला येतात. कलमांचे शेंडे टेकडीसारखे आलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये झाडं गाळायची सोय आहे, पण झाडाखालची जमीन फोटोत आलीच नसेल तर सॉफ्टवेअर ती अंदाजाने भरतं. मुळशीत पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं. तुमचं काम फेब्रुवारीनंतर असेल, गवत कापलेलं किंवा जळलेलं असेल, तर ड्रोन उत्तम. ऑक्टोबरात असेल तर निदान झाडी-गवताच्या भागात टोटल स्टेशन लावावंच लागेल, आणि त्याचा माणूस, त्याचे दिवस कोटेशनमध्ये वेगळे धरा.

एकरी रेट देऊ नका. चौदा एकर आणि चाळीस एकर यांत साइटवर फार तर अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. जाणं-येणं, बेस (जीपीएसचं एका जागी ठेवायचं यंत्र) लावणं, जमिनीवर खुणेचे बिंदू मारणं, ते मोजणं, हे दोन्हीकडे तेवढंच असतं. एकरी दर एकदा तोंडातून गेला की पुढच्या वेळी तोच माणूस दोन एकराला त्याच दराने बोलावतो.

चहाबाज

म्हणजे गिऱ्हाइकाला दर सांगायचाच नाही? आमच्याकडे मोटार वाइंडिंगवालासुद्धा आधी दर सांगतो.

कातळसडा

सांगायचा की. पूर्ण कामाचा एक आकडा सांगायचा. आतून तो दिवसांवर काढायचा: साइटचे दिवस, टेबलावरचे दिवस (हे साइटच्या दुप्पट तरी धरा), भाड्याची उपकरणं, आणि एक दुरुस्ती-फेरी. त्या बेरजेच्या खाली जायचं नाही. मालक घासाघीस करणारच, तेव्हा आकडा कमी न करता काम कमी करा. 'ठीक आहे, मग दोन मीटरचे कंटूर देते, झाडीतला भाग वगळते.' बहुतेक जण तिथेच थांबतात.

शंकूसाखळी

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. वरील चर्चा उद्बोधक आहे, परंतु 'हद्द पण दाखवून टाका' या वाक्यावर कोणी थांबले नाही याचे आश्चर्य वाटते.

चिरंजीव, हद्द आपण दाखवायची नसते. जमिनीची हद्द कायम करणे हे उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाचे काम आहे. रीतसर मोजणीचा अर्ज, लगतधारकांना नोटिसा, भूकरमापकाची मोजणी आणि त्यानंतर मिळणारी 'क' प्रत, हाच मार्ग. खाजगी माणसाने कितीही भारी यंत्र लावले तरी शेजाऱ्याने हरकत घेतली की तो नकाशा वादात टिकत नाही.

तरुण मंडळी काय करतात ते मी पाहिले आहे. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटाचा आकार उतरवून घेतात, उपग्रह प्रतिमेवर ताणून बसवतात आणि लाल रेघ मारून 'बाउंड्री' असे लिहितात. तो गाव नकाशा कशापासून तयार झाला हे कोणी विचारत नाही. मूळ मोजणी टिपणात, म्हणजे जागेवर घेतलेल्या मापांच्या कागदात, आहे. टिपणातील मापे साखळी आणि आण्यांत असतात. आपल्याकडील शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणावर '४-६' लिहिले असेल तर चार साखळ्या सहा आणे, म्हणजे सुमारे १४४ फूट. मी एका नवशिक्याला ते ४.६ साखळ्या धरताना पाहिले आहे. तेथेच सात फुटांची चूक झाली.

पुढे १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबरांचे गट झाले. अनेक गावांत गटाचा नकाशा आणि जागेवरील वहिवाट जुळत नाही ती तेव्हापासून. कापडी किंवा कागदी नकाशा ऐंशी-शंभर वर्षे आकसतो, त्यावरून स्कॅन होतो, आणि त्यावर आपण सेंटिमीटरची भाषा करतो.

मग नकाशावर काय दाखवावे? 'क' प्रत असेल तर तिच्यावरून, आणि तसे लिहून. नसेल तर जागेवर दिसणारे कुंपण, बांध, ताल दाखवावे व त्याला 'जागेवरील स्थिती' म्हणावे. 'हद्द' हा शब्द वापरू नये.

आडवा_छेद

काका, हे सोन्यासारखं आहे. सुमारे १४४ फूट कसं ते मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं: चार साखळ्या १३२, सहा आणे १२.३७५. आलं!

मालकाकडे 'क' प्रत आहे का विचारतो. आर्किटेक्टशीही बोललो. त्यांना फक्त प्राथमिक लेआउट बसवायचाय, एक मीटरचे कंटूर पुरतील म्हणाले. फाइल ऑटोकॅडमध्ये हवी.

थिओडोलाइट

शंकूसाखळी काका, तुम्ही आणे काढले म्हणून मलेही आठवलं. देशाची त्रिकोणमितीय मोजणी ज्या माणसानं दक्षिणेतून वर आणली, तो विल्यम लॅम्बटन आमच्या हिंगणघाटले मेला, जानेवारी १८२३ मधी. १८०२ मधी मद्रासजवळ पायारेषा मोजून निघाला होता. कबर आहे तिथं. नागपूरकडं जाणारे निम्मे सर्व्हेअर बाजूनं निघून जातात, कोणी थांबत नाही.

आता कामाचं. धागाकर्त्या, तू पुणे-मुळशीत आहेस म्हणून यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमधी जागा सांगायची पद्धत) झोन ४३ डोळे मिटून लावशील, चालते. पण विदर्भात काम आलं तर सांभाळ. ७८ अंश रेखांशावर झोन बदलते. अमरावती जिल्ह्यातच अचलपूर ४३ मधी आणि वरुड ४४ मधी. यवतमाळ जिल्हाही असाच दोन झोनमधी फाटलेला. एका कंत्राटदारानं मले दोन तालुक्यांच्या शेपफाइली (जीआयएसच्या नकाशा-फाइली) देल्ल्या होत्या, दोन्हीवर ४३ लिहून. एक तालुका सरळ शेकडो किलोमीटर पश्चिमेले जाऊन बसला. एवढी मोठी चूक दिसते म्हणून बरं, धोका बारक्या चुकीचा असते. जुनी टोपोशीट एव्हरेस्टवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) असली आणि तू डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचं गणित) धरलं तर फरक शंभर-दोनशे मीटरांचा येते. तेवढं 'स्कॅनची चूक असंल' म्हणून लोकं ओढून बसवतात.

जमाखर्च

मी सीए आहे, नकाशातलं काही कळत नाही, पण तुमच्यासारखी चार-पाच मंडळी माझ्याकडे येतात आणि सगळी एकाच खड्ड्यात पडलेली असतात.

समजा तुम्ही मार्चमध्ये १ लाखाचं बिल दिलं. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८,००० कर. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, ते १८,००० तुम्हाला पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये भरायचे आहेत. गिऱ्हाईक जुलैत पैसे देणार आणि त्यातूनही टीडीएस कापून. म्हणजे तीनेक महिने तुम्ही स्वतःच्या खिशातून सरकारला पैसे दिलेत. म्हणून काम संपल्याबरोबर टॅक्स इन्व्हॉइस फाडू नका. आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा, नकाशा मंजूर झाला की इन्व्हॉइस. मात्र सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत इन्व्हॉइस निघायला हवं, हे विसरून महिनोन्महिने प्रोफॉर्मावर बसू नका. आणि आगाऊ रक्कम आली की तिच्यावर कर लगेच लागतो, तेही धरून चाला. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही. पहिल्या वर्षी घाई करू नका, पण मोठी कंपनी किंवा ठेकेदार नोंदणीशिवाय काम देईलच असं नाही.

उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी) नोंदणी मात्र आजच करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशिरावर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. व्याज प्रत्यक्षात कोण मागतं, मागितलं तर पुढचं काम जातं. पण एप्रिल २०२४ पासून एक नवी मेख आहे: मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट देणाऱ्याला त्या वर्षी मिळत नाही, देईल त्या वर्षी मिळते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्सवाल्याला आठवण करा. साहेब फोन उचलत नसले तरी अकाउंट्सवाला मार्चमध्ये उचलतो.

नवखा_पायलट

सरकारी टेंडरांचं काय? उद्यम असेल तर बयाणा रक्कम माफ असते ना?

कातळसडा

बयाणा बऱ्याच ठिकाणी माफ होतो, पण मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि 'अशाच प्रकारचं काम केल्याचा दाखला' कुठून आणणार? म्हणून लहान माणूस मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली जातो. तिथे करारात एक ओळ असते: 'आम्हाला विभागाकडून पैसे मिळाल्यावर तुम्हाला मिळतील.' ती ओळ खोडल्याशिवाय सही करू नका. खोडू देत नसतील तर निदान निम्मे पैसे डेटा हातात देण्याआधी घ्या. मी एका नगरपालिकेच्या मालमत्ता सर्वेक्षणात अशी तिसऱ्या पायरीवर होते, वरच्या दोघांचं भांडण झालं आणि माझं बिल त्या दोघांच्या मध्ये वर्षभर लोंबकळलं. काम छान झालं होतं हो.

डेल्फ्टकर

मी नेदरलँड्समध्ये असतो, जीआयएसमध्येच. इथे अख्ख्या देशाचा लायडर (विमानातून लेसरने मोजलेला) उंची-डेटा, एएचएन, फुकट उतरवता येतो. त्यामुळे इथला एकटा सल्लागार सर्व्हेला जातच नाही, तो विश्लेषणाचेच पैसे घेतो. पुण्याच्या मित्राला विचारावंसं वाटतं, परदेशी कामाचा अनुभव आहे तर तेच का नको? साइट नाही, ऊन नाही, पैसे युरोत. मीच काही कामं देऊ शकेन. मला भारतातल्या एका प्रकल्पासाठी ड्रोनचे फोटो प्रोसेस करूनही हवेत.

जमाखर्च

सेवेची निर्यात असेल तर एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरा, मग आयजीएसटी न लावता बिल देता येतं. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा.

थिओडोलाइट

डेल्फ्टकर भाऊ, थांबा जरा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नकाशा-डेटाच्या मार्गदर्शक सूचनांनी आम्हाले मोठा मोकळा श्वास देल्ला. आधी नकाशा करायले परवानग्यांचे हेलपाटे होते, ते गेले. पण त्यात उंबरठा आहे: आडवी अचूकता १ मीटर आणि उंचीची ३ मीटर. त्याहून बारीक डेटा भारतीय व्यक्ती किंवा संस्थेनंच करायचा, तिच्याच मालकीचा, आणि साठवण-प्रक्रिया भारतातच. ड्रोनचं काम तर सेंटिमीटरांत असते. म्हणजे फोटो तुमच्याकडं पाठवणं सोडा, परदेशी सर्व्हर असलेल्या क्लाउडवर टाकून प्रोसेस करणंही बसत नाही. वेबओडीएम हे ड्रोनचे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालते, रात्री लावून झोपायचं.

डेल्फ्टकर

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग युरोपातलीच कामं देतो.

आडवा_छेद

वा, धाग्यावरच काम मिळालं! व्यनि करतो.

पाणलोटाबद्दल कोणीच बोललं नाही. संस्थेला मी म्हटलंय की युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा उंची-डेटा घेऊन नाले, पाणलोट, उतार काढून देतो, सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून पीक आणि पडीक दाखवतो. त्यावर सलग समतल चरांच्या रेषाही आखून देईन.

कातळसडा

चरांच्या रेषा नको. ३० मीटरच्या एका चौकोनाला उंचीचा एक आकडा. चर समतल हवा, तिथे वीतभर चूक झाली तरी पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. त्या रेषा जागेवर हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम (समतल रेष शोधायची साधी साधनं) घेऊन गावकरीच मारतात आणि उत्तम मारतात. तुमचा नकाशा 'माथ्यापासून कुठे चालायला सुरुवात करायची' एवढं सांगायला. तेवढं नीट सांगणारा नकाशाही थोड्यांनाच जमतो.

इस्रोचा डेटाही बघा. २०२३ च्या अवकाश धोरणानंतर ५ मीटर आणि त्याहून जाड डेटा सगळ्यांना फुकट आहे. उपग्रहावरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ५.८ मीटरचा डेटा इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर मिळतो. पाझर तलाव, शेततळी सेंटिनेलपेक्षा स्वच्छ दिसतात. गूगल अर्थवरून ट्रेस करून विकू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही.

थिओडोलाइट

संस्थांची कामं सोडू नको. पैसा कमी, पण बोलणं सरळ असते. मी गडचिरोलीत सामूहिक वनहक्काच्या नकाशांवर काम केलं आहे. तिथं साधं हातातलं जीपीएस पुरते, चार-पाच मीटर इकडंतिकडं झालं तरी चालते, काहून का सीमा म्हणजे नाला, डोंगराची धार, नाही तं देवाचं झाड. दोन म्हातारे पुढं, मी मागं. एक थांबून म्हणे, "इथून त्यायचं जंगल," दुसरा म्हणे, "नाही, तो मोह आपला." मंग खाली बसून बिडी ओढत ठरवायचे, आणि ठरलं की मी बिंदू घ्यायचा. शेजारच्या गावची माणसं हजर नसली तर तो दिवस वाया गेला समजायचं. यंत्राचं काम दिवसात तासभर.

आडवा_छेद

बरं, मुळशीच्या कोटेशनचा पहिला मसुदा टाकतो. फाडा.

'मौजे ..., ता. मुळशी येथील १४ एकर जमिनीचा ड्रोन सर्व्हे करून हद्दीसह अचूक कंटूर मॅप तयार करून देणे. अचूकता: उच्च. मुदत: १५ दिवस. ५० टक्के आगाऊ.'

शंकूसाखळी

'हद्दीसह' खोडा. किती वेळा सांगावे!

कातळसडा

'अचूक' आणि 'उच्च' दोन्ही खोडा. वाद झाला तर त्या शब्दांचा अर्थ समोरचा ठरवेल. आकड्यात लिहा: मोकळ्या जमिनीवर तपासलेल्या १० पैकी ९ बिंदूंची उंची कंटूर अंतराच्या निम्म्याच्या आत, म्हणजे तुमच्या कामात अर्धा मीटर. ड्रोनने याहून पुष्कळ चांगलं येतं, पण लिहायचं ते निभावता येईल तेवढंच. आणि तपासणीचे बिंदू वेगळे ठेवा. ज्या खुणांवर मॉडेल बसवलं त्यांच्यावरच तपासून 'दोन सेंटिमीटर आलं' म्हणणं ही स्वतःचीच पाठ थोपटणं आहे.

उंची कुठून मोजली हेही लिहा. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासूनची असते, आणि पुणे-मुंबई पट्ट्यात हा फरक साठ मीटरहून जास्त आहे. आमच्याकडे ही चूक लगेच पकडली जाते, कारण समुद्रालगतच्या वाडीची उंची उणे पन्नास येते आणि शेंबडं पोरही हसतं. मुळशीत ६०० च्या जागी साडेपाचशेच्या आतला आकडा आला तर कुणाला संशय येत नाही. मग बाजूच्या रस्त्याचं ड्रॉइंग समुद्रसपाटीवरचं निघतं आणि आर्किटेक्टचा नाला डोंगर चढायला लागतो.

थिओडोलाइट

लोकेशन मॅपमधी भारताची बाह्यरेषा टाकणार असशील तर सर्व्हे ऑफ इंडियाची घे. परदेशी बेसमॅपवर काश्मीरची रेघ तुटक असते. चुकीची सीमा छापणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. चौदा एकराच्या नकाशात कशाले पाहिजे भारत, तालुका दाखव ना.

आणि मुळशीत खोऱ्यात मोबाइलची रेंज पाहून घे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स सेवेवर (कायम चालू जीपीएस केंद्रांची सेवा) रोव्हर (फिरतं जीपीएस) चालवायचं तर इंटरनेट लागते. रेंज नसली तर बेस आणि रोव्हर दोन्ही भाड्यानं आण, तो खर्च धर.

आडवा_छेद

दुसरा मसुदा:

'उपयोग: आर्किटेक्टच्या प्राथमिक लेआउटसाठी. बांधकामाची आखणी, मातीकामाचं बिल किंवा हद्दीचा वाद यांसाठी हा नकाशा वापरू नये.

कंटूर १ मीटर अंतराने. मोकळ्या जमिनीवर १० पैकी ९ तपासणी बिंदू अर्ध्या मीटरच्या आत, तपासणीचा तक्ता सोबत. दाट झाडीतला भाग तुटक रेषांनी, त्याची हमी नाही. तिथे टोटल स्टेशन हवं असल्यास वेगळा आकार.

उंची साइटवरच्या पक्क्या बिंदूला १००.००० मीटर धरून.

कुंपण, बांध, विहीर, वीज खांब जागेवर दिसतात तसे. मालकाने 'क' प्रत दिल्यास तिच्यावरील रेषा वेगळ्या लेयरमध्ये, 'क प्रतीनुसार' असं लिहून.

फाइल डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड) आणि पीडीएफ. एक दुरुस्ती-फेरी धरलेली आहे. ४० टक्के आगाऊ, ४० टक्के पीडीएफ दाखवल्यावर, २० टक्के डीडब्ल्यूजी देताना. गवत कापून देणं मालकाकडे.'

कातळसडा

आता हे कोटेशन झालं. गवताची ओळ झकास.

चहाबाज

एवढं वाचून मालक पळून नाही जाणार?

आडवा_छेद

काल पाठवलं. मालकाचा फोन आला. आकड्यावर अर्धा मिनिट बोलला आणि गवत कोण कापणार यावर दहा मिनिटं. शेवटी तो कापून देतोय. 'क' प्रत भावकीतल्या एकाकडे आहे म्हणे, ती यायला वेळ लागेल. चाळीस टक्के आले.

आता एकच: १००.००० चा पक्का बिंदू कुठे धरू? विहिरीचा कठडा बरा दिसतोय.

शंकूसाखळी

विहिरीचा कठडा नको. प्लॉटिंग होणार म्हणजे विहीर एक तर बुजेल नाही तर नव्याने बांधून निघेल. विजेचा खांबही नको, तो हलवतात. कातळ उघडा असेल तर त्यावर छिन्नीने फुली मारावी. नसेल तर दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा, मध्ये सळई. आणि एक नव्हे, तीन बिंदू करावेत, तिसरा गेटबाहेर रस्त्याच्या मोरीवर.

थिओडोलाइट

तिन्हीचे फोटो काढ, जवळून आणि लांबून. अंतरं टेपनं मोजून वहीत लिव.